तंबोऱ्याची जवारी
तंबोऱ्याची एकच तार छेडली तरी तिच्यातून कितीतरी सूर उमलत राहतात. ही करामत तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. कंप पावणारी तार त्यावर सतत टेकते, सुटते आणि मूळ सुराचे वरचे स्वरांश जागे होतात. तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवला की मिटलेला आवाज एकदम खुलतो. छेडण्याच्या जागेमुळे जे स्वरांश नियमाने उमटूच नयेत, तेही इथे ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडलं. मिरजेचे कारागीर मात्र कानस आणि कान यांच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या घोडीला हा नेमका उतार देत, म्हणजेच जवारी काढत आले आहेत. माझ्या मते वाद्य घडवण्यातलं हेच सर्वांत अवघड काम. पुढच्या मैफलीत तंबोरे जुळवले जात असताना गप्पा थांबवा आणि नीट ऐका.