न्यायाच्या अभ्यासाची पायरी

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण आपल्या घराघरांत इतकी मुरली आहे कीं, एखाद्या मुलानें अथवा मुलीनें ‘मला गुन्हा आणि न्याय यांचाच अभ्यास करावयाचा आहे’ असें म्हणतांच वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. वैद्यक, स्थापत्य, हिशेब या विद्या सोंवळ्या. चोर, खुनी व बंदिवान यांच्याशीं संबंध आणणारी विद्या मात्र ओंवळी! ही समजूत कितपत रास्त आहे, याचा थोडा विचार करूं.

वसईचेंच उदाहरण घ्या. २०२२ सालीं येथील एका तरुणीच्या दिल्लींतील खुनाची वार्ता देशभर पसरली. २०२० सालीं तिनें तुळिंज पोलीस ठाण्यांत आपल्या जिवास धोका असल्याची लेखी तक्रार दिली होती व पुढें ती स्वतःच मागें घेतली होती. ती नाहींशी झाल्यावर वडिलांनीं माणिकपूर पोलीस ठाण्यांत धांव घेतली. दूरध्वनीच्या व बँकेच्या नोंदींवरून तपास दिल्लीकडे वळला आणि नोव्हेंबरांत आरोपीस अटक झाली. सांपडलेले अवशेष तिचेच आहेत, हें वडिलांच्या डीएनएशीं ताडून पाहावें लागलें.

या एका प्रकरणांत किती विद्यांची गरज पडली पाहा. जिवास धोका असूनही तक्रार मागें घेणाऱ्या स्त्रीशीं कसें बोलावें. ‘हरवली’ या साध्या नोंदींतून घाताचा माग कसा काढावा. हाडांवरून ओळख कशी पटवावी. आणि एवढें झाल्यावरही आरोपीचें म्हणणें ऐकून घेऊन मगच त्याचा दोष कसा ठरवावा! यांतील एकही गोष्ट नुसत्या दंडुक्यानें अथवा नुसत्या कळकळीनें साधत नाहीं. तिला शिक्षणच लागतें.

अमेरिकेंत बर्कली येथील पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनीं १९१६ सालीं विद्यापीठांत अशा शिक्षणास आरंभ केला व पुढें तिकडे या विषयाची स्वतंत्र पदवीच रूढ झाली. आपल्याकडे ‘फौजदारी न्याय’ या नांवाची पदवी अद्याप फारशी प्रचलित नाहीं. परंतु वाटा आहेत, आणि त्या मुख्यतः तीन.

पहिली कायद्याची. बारावीनंतर पांच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यापुढें वकिली, सरकारी अभियोक्त्याचें काम अथवा न्यायासन. दुसरी शास्त्राची. शासनानें २००९ सालीं मुंबईंत न्यायसहायक विज्ञान संस्था काढली. तेथें विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांस रक्त, विष, हस्ताक्षर इत्यादिकांच्या परीक्षेचें पदवी-शिक्षण मिळतें. तिसरी वाट समाजाची. समाजशास्त्र, मानसशास्त्र अथवा समाजकार्य यांची पदवी घेऊन पुढें गुन्हेगारीशास्त्राकडे वळतां येतें. १९३६ सालीं स्थापन झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेंत त्याचें उच्च शिक्षण आहे; तिचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून बंदिवानांमध्यें काम करीत आहे. २०२२ च्या सरकारी आंकड्यांप्रमाणें देशांतील तुरुंगांत दर चार कैद्यांपैकीं सुमारें तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नाहीं असे! या एका आंकड्यावरूनच तिसऱ्या वाटेची निकड कळावी. फौजदार होण्याची इच्छा असेल, तर कोणत्याही शाखेची पदवी घेऊन लोकसेवा आयोगाची परीक्षा देतां येते.

काळही अनुकूल आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजीं मीरा-भाईंदर व वसई-विरार यांकरितां स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालें. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या जोडीच्या नागरिक सुरक्षा संहितेनें, सात वर्षें वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानें घटनास्थळीं जावें, असा नियम घातला असून तो अंमलांत आणण्यास राज्यांस पांच वर्षांची मुदत दिली आहे. कायद्यानें मागितलेलीं एवढीं शिकलेलीं माणसें आकाशांतून पडणार नाहींत. तीं आपल्याच घरांतून यावयाचीं आहेत.

मात्र दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. संस्थेच्या जाहिरातीस न भुलतां तिच्या पदवीस विद्यापीठाची, आणि कायद्याच्या बाबतींत बार कौन्सिलची मान्यता आहे कीं नाहीं, हें आधीं तपासावें. दुसरें असें कीं, या कामांत दुसऱ्याचें दुःख रोज पाहावें लागतें. चित्रपटांतील तपास पाहून ज्यांना हौस वाटली, त्यांनीं हें मनाशीं नीट पारखून घ्यावें.

ती पारख घरबसल्या होत नाहीं. फौजदारी खटला सामान्यतः उघड्या न्यायालयांत चालतो व जागा असेल तर कोणासही तेथें बसतां येतें. मुलानें वा मुलीनें हा विषय काढलाच, तर नकार देण्यापूर्वीं पालकांनीं एखादा दिवस त्यांच्यासह वसईच्या न्यायालयांत मागच्या बांकावर बसून पाहावें. साक्षीदार कसा अडखळतो, वकील एका शब्दासाठीं कसा अडून बसतो, न्यायाधीश किती शांतपणें ऐकून घेतात, हें पाहिल्यावर होकार द्यावा कीं नकार, हें घरच्या सर्वांस अधिक नीट ठरवितां येईल.