जुन्या संगणकासाठी मुक्त कार्यप्रणाली : पेन ड्राइव्ह तयार करण्याची रीत आणि त्यामागील विचार

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. १९५६ साली याच दिवशी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. संगणकाच्या जगात अलीकडे याच तारखेला आणखी एक नोंद झाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीचे नेहमीचे पाठबळ थांबवले. हा निव्वळ योगायोग होय. त्यातून शुभाशुभ काढणे आपल्या विचारसरणीला शोभणारे नाही. मात्र या दुसऱ्या घटनेचा परिणाम आपल्या घरांतील आणि शाळांतील संगणकांवर होत असल्यामुळे तिचा विचार करणे आवश्यक आहे.

पाठबळ थांबले म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो चालतो, पण नव्याने आढळणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत. विंडोज ११ घ्यावे म्हटले, तर त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१७पूर्वी बनलेले बहुतेक संगणक या कसोटीला उतरत नाहीत. आपल्या अनेक कुटुंबांत आलेला पहिला संगणक हा कुणीतरी वापरून विकलेलाच असतो. त्यामुळे यंत्र धडधाकट असूनही ते भंगारात घालण्याची वेळ सर्वांत आधी अशाच घरांवर येते.

मग अनेक जण दुसरा मार्ग धरतात. कोपऱ्यावरच्या दुकानात थोडे पैसे देऊन विंडोजची विनापरवाना प्रत टाकून घेतात. त्या प्रतीत कुणी काय मिसळले आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते. शिवाय आपण रोज जे पंचशील ग्रहण करतो, त्यातील दुसरे शील जे दिलेले नाही ते न घेण्याचे आहे. संगणकाची आज्ञावली हाताला लागत नाही, म्हणून ती या शीलाच्या बाहेर ठरत नाही. येथेच तिसरा मार्ग महत्त्वाचा ठरतो : जी कार्यप्रणाली तिच्या निर्मात्यांनी सर्वांना देऊनच टाकली आहे, ती घेणे.

या मार्गाचा इतिहास थोडक्यात असा. १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्व्हाल्ड्‌स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहिला. दोहोंच्या संयोगातून जी प्रणाली उभी राहिली, ती वापरण्याचे, तिची रचना अभ्यासण्याचे, तिच्यात बदल करण्याचे आणि ती इतरांना वाटण्याचे स्वातंत्र्य परवान्यानेच सर्वांना मिळाले. पुढे १९९३ मध्ये डेबियन, त्याच्या आधारे २००४ मध्ये उबुंटू आणि उबुंटूच्या आधारे २००६ मध्ये लिनक्स मिंट अशी परंपरा वाढत गेली. प्रत्येकाने आधीच्याचे काम घेतले, त्यात भर घातली आणि ते पुढच्यासाठी खुले ठेवले. ज्या समाजाला शतकानुशतके विद्येपासून दूर ठेवण्यात आले, त्या समाजाला या चार स्वातंत्र्यांचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

ही प्रणाली संगणकात घालण्यासाठी ‘बूटेबल’ पेन ड्राइव्ह लागतो. ‘बूट’ हा शब्द पादत्राणावरूनच आला आहे. स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलणे या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारातून तो संगणकशास्त्रात रूढ झाला. संगणक सुरू होतो तेव्हा त्याच्या स्मृतीत कोणतीच कार्यप्रणाली नसते. मदरबोर्डवरील एक छोटी आज्ञावली प्रथम जागी होते; जुन्या यंत्रांत तिला बायोस आणि नव्यांत यूईएफआय म्हणतात. डिस्कच्या एका ठरावीक जागी सुरुवातीच्या आज्ञा आहेत का, हे ती पाहते आणि सापडल्यास पुढचे काम त्यांच्याकडे सोपवते. म्हणूनच उतरवून घेतलेली फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केल्याने काम होत नाही. फाइल तिथे असते, पण आज्ञा त्यांच्या जागी नसतात. त्यासाठी ती फाइल विशिष्ट पद्धतीने उलगडून ‘लिहावी’ लागते.

साहित्य मोजकेच आहे. किमान ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह, इंटरनेट असलेला एक चालू संगणक आणि ज्यावर प्रणाली घालायची तो जुना संगणक. लिनक्स मिंटसाठी जुन्या संगणकात ६४ बिटचा प्रोसेसर, किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी मोकळी जागा लागते. ४ जीबी रॅम असल्यास काम सुखाने चालते. मिंटचे सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई असे तीन प्रकार आहेत. यांपैकी एक्सएफसीई सर्वांत हलका असून जुन्या यंत्रांना तोच सोयीचा.

प्रथम मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून घ्यावी. ती सुमारे ३ जीबीची असते. उतरवून झाली की ती लगेच वापरू नये, आधी तपासावी. इतिहासाच्या अभ्यासात एखादा कागद हाती आला, तर त्यातील मजकुरावर विसंबण्यापूर्वी तो अस्सल की बनावट हे पाहावे लागते. येथेही तोच दंडक आहे. प्रत्येक आयएसओ फाइलबरोबर ‘एसएचए २५६’ नावाची ६४ चिन्हांची खूण प्रसिद्ध केलेली असते. फाइलमधील एक अक्षर जरी बदलले, तरी ही खूण पूर्णपणे बदलते. आपल्या फाइलची खूण काढून ती प्रसिद्ध केलेल्या खुणेशी ताडून पाहावी. जुळली तरच पुढे जावे.

ही सावधगिरी अनाठायी नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी घुसखोरांनी खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर शिरकाव करून डाउनलोडचा दुवा बदलला आणि लोकांच्या हाती दूषित फाइल दिली. प्रकल्पाने हे लपवले नाही. स्वतः जाहीर करून अस्सल फाइल कशी ओळखावी हे सांगितले. कालाम लोकांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण जाणतोच : केवळ परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून काही मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. नामांकित संकेतस्थळालाही हा नियम लागू आहे.

आता पेन ड्राइव्ह लिहिण्याचे काम. विंडोजवर ‘रूफस’ ही छोटी, मोफत आणि मुक्त आज्ञावली त्यासाठी उत्तम. पेन ड्राइव्हवरचे सर्व काही या क्रियेत पुसले जाते, म्हणून त्यातील छायाचित्रे व कागदपत्रे आधी दुसरीकडे ठेवावीत. रूफसमध्ये सर्वांत वर पेन ड्राइव्ह निवडावा. त्याचे नाव व क्षमता दोनदा वाचावी, कारण दुसरी बाह्य डिस्क जोडलेली असेल तर चुकून तीच पुसली जाऊ शकते. मग ‘सिलेक्ट’ बटणाने आयएसओ फाइल निवडावी. एसएचए २५६ खूण काढण्याचे बटणही येथेच आहे. बाकीच्या गोष्टी आहेत तशाच ठेवून ‘स्टार्ट’ दाबावे. काही मिनिटांत काम पूर्ण होते.

तयार पेन ड्राइव्ह जुन्या संगणकाला लावून तो ‘रिस्टार्ट’ करावा आणि पडदा उजळताच बूट मेनूची कळ वारंवार दाबावी. डेल व लेनोव्होच्या यंत्रांत ती बहुधा एफ १२ असते, एचपीमध्ये एस्केप किंवा एफ ९. येणाऱ्या यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की मिंट थेट पेन ड्राइव्हवरूनच सुरू होते. या अवस्थेत आपण होऊन काही केल्याशिवाय संगणकाच्या डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. वाय-फाय जोडून पाहावे, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे तपासावे. समाधान झाले नाही, तर पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करावा. सारे पूर्ववत असते.

समाधान झाल्यावर पडद्यावरील ‘इन्स्टॉल’ चित्रावर दोनदा टिचकी मारावी. पुढे एक निर्णायक प्रश्न येतो : संपूर्ण डिस्क पुसून मिंट घालायचे की विंडोजच्या शेजारी ठेवायचे? पहिला पर्याय निवडल्यास आधीचे काहीही उरत नाही. म्हणून कोणताही पर्याय घेण्यापूर्वी मुलांची प्रमाणपत्रे, जात पडताळणीची कागदपत्रे, घरातील छायाचित्रे यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतलेली असावी. घाई करण्यासारखी ही जागा नव्हे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फोटोशॉप, टॅली, मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या विंडोजसाठीच्या आवृत्त्या येथे सरळ चालत नाहीत. ज्यांची नोकरी त्यांवर अवलंबून आहे त्यांनी विंडोज शेजारी ठेवावे. परंतु विद्यार्थ्याची बहुतेक गरज भागते. लेखनासाठी आणि हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस आहे, युनिकोड मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकाने टंकता येते, आणि महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमधून भरता येतो. केरळच्या शासकीय शाळांतील संगणक शिक्षण तर अनेक वर्षे मुक्त प्रणालींवरच चालू आहे. मिंटच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला सुमारे पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात.

आपल्या वसतिगृहात आठवी-नववीला शिकणारी मुले हे काम सहज करू शकतील. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, कार्यालयात वा घरात बाजूला पडलेला संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याचा विचार शाळेसाठी करावा. स्वतःची माहिती त्यातून पुसून तो द्यावा. पालकांनी मुलांना हे काम करू द्यावे. बिघडेल या भीतीने यंत्र झाकून ठेवू नये. एक पेन ड्राइव्ह एकदा तयार झाला की त्यावरून एकामागून एक कितीही संगणक उभे करता येतात, आणि तो शेजारच्या वस्तीतील मुलाला दिल्याने कोणताही परवाना मोडत नाही. जे आपल्याला दिले गेले ते पारखून घ्यावे आणि पुढे द्यावे, एवढेच येथे अपेक्षित आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!