अस्थिसुषिरता : सीटी स्कॅनद्वारे चाळणी

अस्थींतील खनिज व आधारद्रव्य घटून त्या विरळ, सच्छिद्र आणि ठिसूळ होण्याच्या विकृतीस अस्थिसुषिरता म्हणतात. ती बहुधा वेदनारहित असते. किरकोळ पडण्याने मनगट, मणका वा खुब्याचे हाड मोडल्यावरच पुष्कळदा ती उघडकीस येते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत आणि उतारवयात स्त्रीपुरुष दोघांतही तिचे प्रमाण वाढते.

निदानासाठी द्विऊर्जा क्ष-किरण शोषणमापन (डेक्सा) ही पद्धत प्रमाण मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार, खनिजघनता निरोगी तरुण प्रौढांच्या सरासरीपेक्षा २·५ प्रमाण विचलनांनी किंवा त्याहून अधिक कमी असल्यास अस्थिसुषिरता समजतात. डेक्सा यंत्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आढळतात; सीटी स्कॅनची सोय मात्र जिल्ह्याच्या ठिकाणीही असते. म्हणून अन्य कारणासाठी घेतलेल्या सीटी चित्रांतूनच अस्थींची चाळणी करणे उपयुक्त ठरते.

तत्त्व : सीटी चित्रातील प्रत्येक बिंदू ऊतकाने क्ष-किरणांचे किती क्षीणन केले ते दर्शवितो. हे मूल्य गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या एककात देतात. पाण्याचे मूल्य ०, तर हवेचे –१,००० असते. सुषिर अस्थीतील खनिज घटले की तिचे मूल्य उतरते. त्यासाठी पहिल्या कटिमणक्याच्या आतील सुषिर भागात, बाहेरचे कठीण कवच वगळून, मापन करतात. पिकहार्ट व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६० एककांखालील मूल्य अस्थिसुषिरतेच्या सुमारे ९०% व्यक्तींत आढळले. ११० एककांची मर्यादा अधिक विशिष्ट ठरली. त्याच चित्रांच्या उभ्या छेदांत मणक्यांचे दबलेले, लक्षात न आलेले अस्थिभंगही दिसतात.

उपयोग : जालना येथील औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळयांचे कारखाने आहेत. अशा वसाहतीतील पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराचा वा त्याच्या पत्नीचा मुतखडा, पोटदुखी किंवा अपघात यांमुळे पोटाचा सीटी स्कॅन झाला, तर त्यातून ही माहिती अधिक खर्च वा प्रारण न घेता मिळते. अहवालात मणक्यांचा उल्लेख नसल्यास मात्र ती वाया जाते आणि पुढील अस्थिभंग टाळण्याची संधी हुकते.

मर्यादा : केवळ या चाळणीसाठी सीटी स्कॅन करू नये, त्यातील प्रारणमात्रा डेक्सापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. शिरेतून दिलेल्या रंजकद्रव्याने मूल्य वाढते आणि नलिकेच्या विद्युत्‌दाबानुसार ते बदलते. ड जीवनसत्त्वाच्या न्यूनतेने होणाऱ्या अस्थिमार्दवातही मूल्य घटते. त्याचे उपचार मात्र वेगळे आहेत. उलटपक्षी, यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील फ्ल्युओराइडयुक्त पाण्याच्या गावांत फ्ल्युओराइडाच्या विषबाधेने अस्थी दाट दिसूनही दुर्बल असू शकतात. म्हणून हे मूल्य म्हणजे निदान नव्हे. ते कमी आढळल्यास डेक्सा, तसेच रक्तातील कॅल्शियम, ड जीवनसत्त्व इत्यादींची तपासणी करून मगच उपचार ठरवितात.