राउटर हाती घेण्यापूर्वी

‘राउटर’ म्हटले की हल्ली इंटरनेटची ती दिवे लुकलुकणारी पेटीच डोळ्यांपुढे येते. सुतारकामातला राउटर तिच्याहून कितीतरी जुना. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे आर. एल. कार्टर यांनी तो हातात धरण्याजोगा बनविला आणि १९२९ मध्ये स्टॅन्ले या अवजारांच्या कंपनीने त्यांचा हा व्यवसाय विकत घेतला. आपल्याकडे मात्र तो सर्रास दिसू लागला तो प्लायवूड, एमडीएफ आणि सनमायकाच्या फर्निचरबरोबर. नाशकात गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारतींत फर्निचरचे काम बहुधा फ्लॅटमध्येच चालते, आणि शेजाऱ्यांची दुपारची झोप उडविणारा तो तीव्र आवाज अनेकदा याच यंत्राचा असतो. त्याच्या धाकट्या भावाला, म्हणजे सनमायकाची कड छाटणाऱ्या यंत्राला, कारागीर ‘ट्रिमर’ म्हणतात. दोघांचे तत्त्व एकच आणि धोकेही तेच.

सराफ बाजारातील सरकारवाड्याचे लाकूडकाम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हाताच्या हत्यारांनी काय साधते हे सांगायला नको. कडेला गलता काढायचा तर त्या आकाराचे पाते बसविलेला रंधा, खाचेसाठी पटाशी, असा तो सारा कारभार. हातरंध्याची मोठी सोय अशी की त्याची ताकद कारागिराच्या दंडातली असते. हात थांबला की पातेही थांबते. राउटरचे तसे नाही. त्याचे पाते, म्हणजे बिट, मिनिटाला दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत फेरे घेते आणि हाताने फक्त त्याला वाट दाखवायची असते. चूक झाली, तर ती उमगण्याआधीच घडून गेलेली असते. म्हणूनच राउटरची सुरक्षितता बटण दाबण्यापूर्वी ठरते.

पहिली गोष्ट बिट बसविण्याची. बिटाचा दांडा ज्या चिरा पाडलेल्या नळीत आवळला जातो, तिला कोलेट म्हणतात. आपल्या बाजारात ६ मिलिमीटरचे आणि पाव इंचाचे, म्हणजे सुतारांच्या भाषेत दोन सुताचे, असे दोन्ही दांडे मिळतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. पाव इंचाच्या कोलेटमध्ये ६ मिलिमीटरचा दांडा आवळल्यासारखा वाटतो, पण लाकडाचा दाब आला की तो सरकतो. खाच आपोआप खोल होत जाते, क्वचित बिट सुटून बाहेर फेकला जातो. १२ मिलिमीटर आणि अर्धा इंच यांचीही हीच गत. जोडी जुळते की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे. दांडा निदान तीनचतुर्थांश आत जायला हवा, मात्र तळाला टेकेपर्यंत ढकलून तसाच आवळू नये. दोनतीन मिलिमीटर वर ओढून मग पाना लावावा. हे सारे करताना यंत्राचा प्लग भिंतीतून काढलेला असावा. नुसते बटण बंद असणे पुरेसे नाही.

मग वेगाचा प्रश्न. वेग जास्त तितकी कड गुळगुळीत, असा एक समज आहे. तो लहान बिटापुरता ठीक आहे. १२ मिलिमीटर व्यासाचा बिट मिनिटाला २२ हजार फेरे घेतो तेव्हा त्याची धार ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावते. ५० मिलिमीटरच्या बिटाची धार त्याच फेऱ्यांत ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणून बिट जितका मोठा, तितके फेरे कमी ठेवायचे. बिटावर कमाल वेग छापलेला असतो. तो ओलांडू नये. ज्या यंत्रात वेग कमीजास्त करण्याची सोय नाही, त्याला मोठा बिट लावूच नये.

खोलीबाबत घाई सर्वांत महागात पडते. १२ मिलिमीटर खोल खाच हवी असेल, तर ती तीनचार फेऱ्यांत उतरवावी. चौरस फुटाच्या दराने काम घेतलेल्या कारागिराला एकाच फेरीत खाच उरकण्याचा मोह होतो, आणि दर ठरविताना आपण घासाघीस करतो तेव्हा त्या मोहात आपलाही थोडा वाटा असतो. साग तर या बाबतीत खट्याळ. त्याच्यात निसर्गतःच वाळूच्या जातीचे सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर मरते. सागवानासाठी कार्बाइडच्या टोकाचाच बिट घ्यावा. लाकडावर काळे डाग पडू लागले, तर धार गेली आहे किंवा हात फार संथ चालला आहे. मोटरचा आवाज खाली बसू लागला, तर हात फार वेगात आहे. कान हे येथे चांगले मोजमाप आहे.

आता दिशा. अपघाताच्या दृष्टीने हा विषय सर्वांत महत्त्वाचा, आणि नवखा माणूस नेमका येथेच गोंधळतो. वरून पाहिले असता बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. फळीची कड आपल्याकडे असेल, तर यंत्र डावीकडून उजवीकडे न्यावे. तेव्हा धार लाकडाला आणि लाकूड यंत्राला विरोध करते, आणि यंत्र ताब्यात राहते. उलट नेले, तर फिरता बिट एखाद्या चाकासारखा कडेवर धावू लागतो आणि यंत्र हातातून हिसकावले जाते. लक्षात ठेवण्यासाठी एक सोपी खूण आहे. फळीच्या बाहेरच्या चारही कडा करताना देवळाच्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने जावे. चौकटीच्या आतली कड करताना प्रदक्षिणेच्याच दिशेने. चारही कडा करायच्या असतील, तर आधी रेषांना आडव्या असलेल्या टोकाकडच्या कडा घ्याव्यात. कोपऱ्यावर सालपे उडाले, तरी नंतरच्या लांब कडांच्या फेरीत ते निघून जातात. फळीच्या मध्यभागी सरळ खाच पाडताना आधाराची पट्टी आपल्या डाव्या हाताला ठेवून यंत्र पुढे ढकलावे, म्हणजे बिटाचा रेटा यंत्राला पट्टीशी चिकटवून ठेवतो.

फळी शिकंज्याने टेबलाला बांधलेली हवी. फ्लॅटच्या फरशीवर उकिडवे बसून, फळी पायाने दाबून ट्रिमर चालविणारे कारागीर आपण सारे पाहतो. ते कौशल्य नव्हे, नशीब आहे. घरमालकाने कामाला एक भक्कम टेबल आणि चांगला उजेड दिला, तर त्याचे थोडक्यात बरेच साधते. यंत्र दोन्ही हातांनी धरण्याचे. ट्रिमरही, तो एका हातात मावत असला तरी, ज्या कामात शक्य तेथे दोन्ही हातांनीच. मनगटातला धागा, लोंबती बाही, गळ्यातला गमछा, सारे काढून ठेवावे. हातमोजेसुद्धा नकोत, फिरता बिट ते आत ओढतो. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण मात्र हवेच.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे, जो परदेशी पुस्तिकांत फारसा ठळकपणे येत नाही. काम चालू असताना वीज जाते. यंत्र थांबते, कारागीर ते तसेच फळीवर ठेवून चहाला जातो. अनेक यंत्रांचे बटण दाबून अडकविता येते. ते अडकलेलेच राहिले, तर वीज परतताच यंत्र आपोआप सुरू होऊन टेबलावरून उडी घेते. वीज गेली की आधी बटण सोडवावे, मग प्लग काढावा, मग चहा. शिवाय घरच्या वीजपेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, हे काम सुरू होण्यापूर्वी पाहून घ्यावे.

भुश्याकडे आपण फार हलकेपणाने पाहतो. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदविले. एमडीएफच्या धुळीत त्याशिवाय फॉर्माल्डिहाइडवर आधारलेला डिंक असतो. सागाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवीत नाही. करोनाकाळात घरोघरी पोचलेला एन-९५ मास्क नीट बसविला, तर अडवितो. यंत्राला व्हॅक्यूमची नळी जोडता आली तर उत्तम. कामाच्या खोलीचे दार लावून खिडकी उघडी ठेवावी आणि घरातील लहान मुले, दम्याचे रुग्ण यांची त्या दिवसांत अन्यत्र सोय करावी.

फेरी संपली की बटण सोडल्यावरही बिट काही सेकंद फिरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत यंत्र हातातच धरावे आणि त्यानंतरच आडवे ठेवावे. थांबल्याथांबल्या बिटाला बोट लावू नये. तो तापलेला असतो. दिवसाअखेरीस त्यावर चिकटलेला डिंक पुसून काढावा आणि प्रत्येक बिट वेगळ्या खणात ठेवावा, कारण कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ असते आणि दोन बिट एकमेकांवर आपटले, तरी त्याचा टवका उडतो. असा टवका उडालेला बिट धार लावून पुन्हा वापरू नये.