दारातली पद्मिनी : आधी गंज, मग रंग

सासऱ्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी आहे आणि घरात रोज चर्चा, 'एकदा रंगवून घेऊ या!' तुमच्याकडेही असंच चाललं असेल, तर मैत्रिणींनो, पैसे काढण्याआधी जरा थांबा. रंग सर्वांत शेवटी.

१०८९ सीसीचं साधं इंजिन, कार्बोरेटर. जुना मिस्त्री ते डोळे मिटून उघडतो. त्याची भीती नको. खरा शत्रू गंज! या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून पायाखालची मॅट उचलून पाहा, दारांच्या खालच्या कडा चाचपा. फ्रीजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. तळ ठिकठिकाणी कुजला असेल तर माझं स्पष्ट मत, गाडी विकून टाका. मुलांच्या फीचे पैसे वेल्डिंगमध्ये घालवायचे नाहीत.

तळ धड असेल तर पहिला खर्च ब्रेकवर. चारही चाकांना ड्रम ब्रेक; त्यांची सिलिंडरं, रबरी नळ्या नव्याच घ्या. दिवे, हँडल, काचा जुन्या बाजारातल्या चालतील, ब्रेकचं सामान नाही. पेट्रोलच्या नळ्याही बदला, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यानं खराब होतं. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूचा चार आकडी शिक्का वाचा. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर कितीही छान दिसो, तो काढायचाच.

मिस्त्रीकडून अंदाज कागदावर घ्या आणि काढलेले सुटे भाग परत मागा. 'वहिनी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?' असं ऐकावं लागेल. हसून पिशवी पुढे करायची!

सुधारणा म्हणाल तर सीटबेल्ट आधी. हेडलाइटला रिले बसवला की उजेड सुधारतो आणि जुन्या स्विचवरचा ताणही कमी होतो. इंजिन बदलणं, गॅसकिट बसवणं यांना मात्र आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. तिची मुदत आणि फी आधीच विचारून ठेवा, नाहीतर गाडी तयार आणि रस्ता बंद!

सीटची कव्हरं मात्र घरी शिवा. जाड मांजरपाट आधी धुऊन आटवून घ्या, शिलाई दुहेरी घाला.