शरीराची वर्गणी

व्यायामाविषयी बोलायला पहिलवान किंवा डॉक्टर यायला हवा; कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाचा येथे काय संबंध, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते डेपोतल्या बाकावर आणि नगरवाचनालयात. परंतु माणसे एखादी गोष्ट मोठ्या हौसेने सुरू करतात आणि महिन्याभरात सोडून देतात, ती का, हे कोडे आम्ही तीस वर्षे रोज पाहात आलो आहोत. या बाबतीत संघटनेचे आणि शरीराचे दुखणे एकच आहे.

फाटकावरच्या सभेत शेकडो मुठी वर होतात, घोषणांनी घसा बसतो. तो उत्साह खोटा नसतो, पण बहुधा रात्रीच्या जेवणापर्यंतच टिकतो. संघटना जगते ती दर महिन्याच्या वर्गणीवर. रक्कम लहान, पण चुकवायची नाही. शरीराचेही तसेच आहे. १ जानेवारीचा संकल्प ही सभा झाली. रोजची वीस मिनिटे ही वर्गणी.

बसवर आम्ही कंडक्टर म्हणून लागलो तेव्हा आमच्या गाडीवर एक वयस्क ड्रायव्हर होते. त्यांना सारे नाना म्हणत. घाट उतरताना ते नेहमी म्हणायचे, "एकदा रिटायर झालो की माउलींबरोबर पायी पंढरपूर. तूही चल, लेका." पुढे नाना निवृत्त झाले. तोवर पोट सुटले होते, साखर वाढली होती, गुडघे धरले होते. पालखीच्या प्रस्थानाला ते आळंदीस गेले, पण जीपमधून. दोन वर्षांत गेलेच. इच्छा होती, सवड मिळाली, पण शरीर रजेवर गेले होते.

नानांची आठवण पुन्हा तीव्रतेने झाली ती लंडनच्या बसकामगारांचा अभ्यास वाचताना. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच रस्त्यावर, साधारण सारख्याच परिस्थितीतले. फरक एवढाच, की ड्रायव्हर पाळीभर बसलेला आणि कंडक्टर दुमजली बसच्या जिन्यावर दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला, आणि झाला तरी उशिरा व कमी घातक.

यावर शंका निघते: मुळात सडपातळ माणसेच कंडक्टर होत असतील तर? मॉरिस यांनी ती दडवली नाही. गणवेशाच्या विजारींची मापे त्यांनी तपासली, आणि ड्रायव्हरांची कंबर प्रथमपासूनच मोठी असते हे १९५६ साली स्वतःच छापले. मग त्यांनी टेबलाशी बसून काम करणाऱ्या सरकारी नोकरांकडे मोर्चा वळवला. १९७३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की फावल्या वेळात दमदार व्यायाम करणाऱ्या कारकुनांत हृदयविकार बराच कमी होता. मॉरिस स्वतः म्हातारपणीही चालत आणि पोहत राहिले, आणि २००९ साली ९९ वर्षांचे होऊन वारले.

आमचे कामगार बंधू म्हणतात, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला व्यायाम कशाला?" हमालाचे ओझे आणि व्यायाम यांत भेद आहे. ओझे किती, किती वेळ आणि विश्रांती केव्हा, हे दुसरा ठरवतो. व्यायामात ते आपण ठरवतो. राबण्याने एकच खांदा, एकच कंबर झिजते. व्यायाम सर्वांगाला आळीपाळीने काम देतो आणि सावरायला अवधीही देतो.

दुसरे एक वर्ग असतो, "तरुणपणी आम्ही तालमीत पाचशे जोर मारीत होतो" असे सांगणारा. त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास सांगावासा वाटतो. राल्फ पॅफेनबर्गर यांनी तो १९७८ साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयात खेळाडू असलेले जे पुढे बसून राहिले, त्यांना जुन्या खेळाचे संरक्षण उरले नाही. जे पुढेही हालचाल करीत राहिले, त्यांनाच लाभ झाला. थोडक्यात, व्यायाम हा प्रॉव्हिडंट फंड नाही. तरुणपणी भरून ठेवला आणि म्हातारपणी व्याजासह काढला, असे होत नाही. तो रोजचा पगार आहे. ज्या दिवशी काम, त्या दिवशी दाम.

मग पन्नाशी उलटलेल्यांनी निराश व्हावे काय? मुळीच नाही. १९६६ साली अमेरिकेत डल्लास येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवले. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासले, तेव्हा ती शक्ती सुमारे ११ टक्केच कमी झाली होती. म्हणजे तीन आठवड्यांच्या लोळण्याने केलेले नुकसान तीस वर्षांच्या वयाने केले नव्हते. पुढे सहा महिने चालणे, हळू धावणे व सायकल असा क्रम हळूहळू वाढवत नेल्यावर ते पुन्हा तिशीपूर्वीच्या मूळ पातळीवर आले. बोस्टनमध्ये तर नव्वदीतल्या दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. १९९० च्या त्या अहवालानुसार ज्यांनी तो क्रम पुरा केला त्यांच्या पायांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक वाढले. स्नायू कामाची मागणी ओळखतो, जन्मतारीख विचारीत नाही.

आता मुख्य अडचण: नेम टिकावा कसा? लंडनच्या विद्यापीठात ९६ जणांना एकेक लहानशी कृती निवडून ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला, उदाहरणार्थ न्याहारीला, जोडायला सांगितले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही, हे त्यातले आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. एक हप्ता थकला म्हणून कोणी सभासदत्वाचा राजीनामा देत नाही.

आमची स्वतःची फजिती सांगतो. नाना गेले तेव्हा आम्ही सत्तेचाळीस वर्षांचे होतो. आवेशात नवे बूट घेतले, पहिल्याच दिवशी आठ किलोमीटर चाललो. आठवड्यात गुडघा सुजला आणि बूट आठ महिने खाटेखाली पडले. मालकाकडे पहिल्याच दिवशी दुप्पट पगार मागणारे मागणीपत्र जसे टोपलीत जाते, तसे आमच्या शरीराने आमचे मागणीपत्र टोपलीत टाकले.

दुसऱ्या खेपेस शहाणपणाने वाटाघाट केली. मागणी एकच लिहिली: आषाढीची वारी पायी. सकाळचा चहा झाला की नाक्यापर्यंत जाऊन परत, वीस मिनिटे. दर पंधरवड्याला पाच मिनिटांची वाढ. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, आणि जमतील तेवढे सूर्यनमस्कार. गल्लीतले एक निवृत्त पोस्टमन सोबतीला घेतले. ते खिडकीखालून हाक मारीत, "काय अण्णा, उठलात का?" पावसात, थंडीत, आमच्या मनोनिग्रहापेक्षा त्या हाकेनेच अधिक काम केले. पहिल्या वर्षी दिवे घाट चढून सासवडला पोचलो, पण तळपायाला फोड आले आणि मुकाट्याने बसने घरी परतलो. पुढल्या वर्षी आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर, पुरे चाललो. आम्ही माळकरी नाही; पण चंद्रभागेच्या वाळवंटात नानांची आठवण होऊन डोळे भरून आले.

प्रत्येकाची वारी निराळी असेल. कोणाला नातवाला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवायची असेल, कोणाला शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने आंघोळ करायची असेल. ध्येय आपलेच असावे, मोजता यावे आणि त्याला तारीख असावी. छातीत दुखत असेल किंवा जुना विकार असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा आणि दोन दिवस स्नायूंच्या बळाचा आहे. पण तिथे एकदम पोचलेच पाहिजे असे नाही. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, असेही ती सांगते.

शेवटी एक गोष्ट, जी सांगितल्यावाचून आमच्यासारख्याला राहवणार नाही. वीस मिनिटे काढायची तर ती आधी हाती असावी लागतात. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना आठवड्याची सुट्टी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे अर्ज-सभा केल्या तेव्हा. आठ तासांच्या दिवसाचा आंतरराष्ट्रीय करार १९१९ सालचा. आपल्या सवडीचा एकेक तास कोणीतरी झगडून मिळवलेला आहे. तो पडद्यासमोर लोळून घालवणे ही त्या माणसांशी कृतघ्नता होय. आणि घरातल्या बाईला नोकरी व चूल दोन्ही सांभाळून ही वीस मिनिटे मिळत नसतील, तर मागणीपत्र आपल्याच दारी आले आहे असे समजावे. ते चर्चेविना मंजूर करावे, आणि उद्या सकाळचा चहा आपण करावा.