दुसरी सीडी

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरात दरवर्षी एकाच गोष्टीवरून वाद होतो. माळ्यावरचे दोन खोके! त्यात माझ्या दीडएकशे सीडी-डीव्हीडी आहेत, बहुतेक जुने मराठी सिनेमे. "आई, हे सगळं आता मोबाइलवर मिळतं गं. भंगारवालासुद्धा घेणार नाही," असं लेकीचं म्हणणं. यजमान बोलत काहीच नाहीत, पण त्यांचा डोळा त्या जागेवर असतो. यंदाही मी खोके खाली काढले, एकेक सीडी पुसली आणि परत वर ठेवली. का, ते आज तुम्हाला सांगते.

लग्न होऊन मी सांगलीला आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी सीडी लायब्ररी होती. सिनेमा भाड्याने आणायचा, रात्री बघायचा, सकाळी परत. विकत घेणं परवडायचं नाही. मग २००७ साली मोझरबेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. अहो, साडीला फॉल लावायच्या पैशात सिनेमा! किराणा दुकानातही त्या टांगलेल्या दिसू लागल्या. मी भाजीच्या पैशातून वाचवून महिन्याला दोन-तीन घ्यायची. 'संत तुकाराम', 'माणूस', 'जगाच्या पाठीवर', 'पिंजरा', 'उंबरठा' असा संग्रह वाढत गेला.

व्हीसीडीची एक गंमत होती. एका सीडीवर सव्वा तासाचंच चित्रण मावायचं. त्यामुळे एक सिनेमा दोन, कधी तीन सीडींवर यायचा. ऐन रंगात आलं की उठून सीडी बदलायची, तेवढ्यात चहाही टाकून यायचा. पण त्यातली दुसरी सीडी कुणी नेऊन परत केली नाही, किंवा तिच्यावर ओरखडा पडला, की सिनेमा अर्धाच!

तेच एकदा भर बैठकीत झालं. मी ज्या वस्तीत बचत गटाचं काम करते, तिथे बुधवारी दुपारी बायका जमतात. २००९ साली एका बुधवारी हिशेब झाल्यावर मी 'कुंकू' लावला. प्रभातचा १९३७ सालचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून काढलेला. शांता आपटे यांची नीरा. तिचं लग्न फसवून एका वयस्कर विधुर वकिलाशी लावून दिलेलं. हे लग्न मला मान्य नाही, असं ती म्हणते आणि त्यावर ठाम राहते. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, एवढंच. सुरुवातीला चुळबुळ करणाऱ्या बायका हळूहळू गप्प झाल्या.

दुसरी सीडी लावली आणि दहा मिनिटांत चित्राचे चौकोन चौकोन झाले. मी ती काढून पदराने गरागरा पुसली. मग तर अडकलीच.

"ताई, पुढं काय होतं?" सगळ्यांचा एकच प्रश्न. मी सांगणार, तेवढ्यात मागे बसलेल्या मावशी म्हणाल्या, "थांबा, सांगू नका." साठी ओलांडलेल्या त्या मावशी एरवी बैठकीत अंगठा उठवण्यापुरत्या पुढे यायच्या. त्या सावकाश म्हणाल्या, "मला चौदाव्या वर्षी बिजवराला दिली. त्याची पोरगी माझ्याएवढी होती. ही पोरगी नको म्हणतीय बघा. मला तर नको म्हणता येतं, हेच ठाऊक नव्हतं."

इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच स्वतःविषयी बोलल्या होत्या. मग एकेकीचं बोलणं निघालं. दिवेलागण झाली तरी कुणी उठेना.

पुढच्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षिकेकडून त्यांची सीडी मागून आणली. नवऱ्याची समाजकार्य करणारी मुलगी नीराच्या बाजूने उभी राहते, तेव्हा मी बायकांना सांगितलं, की ही भूमिका करणाऱ्या शकुंतला परांजपे खऱ्या आयुष्यातही कुटुंबनियोजनाचं काम करणाऱ्या होत्या. शेवटी नवऱ्याला आपली चूक कळते आणि तो जीव देतो. मला वाटलं, बायका रडतील. मावशी मात्र नाराज झाल्या. "मरायचं कशाला? माफी मागून जगायचं हुतं की!" त्यावर पुन्हा तासभर चर्चा!

सिनेमा जपायचा म्हणजे काय, हे मला त्या दोन बुधवारी कळलं. मूळ प्रती सांभाळायला पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य घातलं. तरीही किती हातचं गेलं! आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ सालचा, पण त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. २००३ मध्ये पुण्यातच, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मच्या अनेक प्रती जळाल्या. माझी २८ रुपयांची धूसर सीडी काही त्या प्रतींची जागा घेणार नाही. पण मोबाइलवरचा सिनेमा आज असतो, उद्या हक्काची मुदत संपली की गायब होतो. माझ्या खोक्यातला कुणी काढून नेत नाही. शिवाय तो उचलून वस्तीत नेता येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर अशा सीडी असतील तर टाकू नका. सीडी कडेने धरा. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. माझ्यासारखं गोल गोल पुसू नका, त्याने ओरखडे वाढतात. उन्हापासून लांब, उभ्या ठेवा. वर्षातून एकदा लावून बघा आणि चार जणींना बोलवा. आपल्याकडे सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो. त्यामुळे 'कुंकू'सारखे जुने सिनेमे आता सर्वांना खुले आहेत. त्यानंतरचे चारचौघांत दाखवायचे असतील तर मात्र परवानगी घ्या.

आमचा प्लेअर दोनदा दुरुस्त झालाय. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. शेवटी वादावादी करणाऱ्या लेकीनेच बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणून दिला. मावशी आता थकल्यात, बैठकीला येत नाहीत. मी भेटायला गेले की विचारतात, "नीरा हाय न्हवं अजून?"

आहे. दोन्ही सीडी आहेत.